संगणक नवा घ्या, पण जुना पत्रव्यवहार सांभाळा

विंडोज १० या संगणकप्रणालीला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. त्यामुळे भोसरी, चिखली, तळवडेपासून चाकणपर्यंत आपल्या अनेक बांधवांना वर्कशॉपातील, शिलाईच्या युनिटातील किंवा दुकानातील संगणकावर विंडोज ११ घ्यावे लागले. ज्यांचे यंत्र फार जुने, त्यांना संगणकच बदलावा लागला. या धावपळीत एक प्रश्न मागे राहतो. ई-मेल आता कोणत्या प्रोग्रॅममध्ये पाहावयाची, आणि जुन्या मेलचे काय करावयाचे?

हा प्रश्न किरकोळ समजू नये. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ची मुदत संपली तेव्हा मी दुकानाचा संगणक एका कारागिराकडे दिला. त्याने टॅलीचा हिशेब, फोटो, डेस्कटॉपवरील फायली सर्व काही काढून ठेवले आणि डिस्क फॉरमॅट केली. माझी मेल मात्र आउटलुकच्या एका फाइलमध्ये, लपलेल्या फोल्डरात होती. ती गेली. पुढे दोन महिन्यांनी गणवेशाच्या कापडाच्या बिलावरून एका ग्राहक कंपनीशी वाद झाला. मीटरमागे ६ रुपये वाढवून देण्याचे त्यांच्या खरेदी विभागाने मेलवर मान्य केले होते. माल ४,००० मीटर. तो अधिकारी नोकरी सोडून गेलेला, आणि माझ्याकडे मेल नाही. २४,००० रुपये सोडावे लागले. दोष मी कारागिराला देत नाही. काय सांभाळावयाचे, हे मीच त्याला सांगितले नव्हते.

मेल ही आपली वहीच

कुरआन मजीदच्या सूरह बकरातील २८२ वी आयत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद देते. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही तीत सांगितले आहे. मोठ्या कारखान्यांशी आपला उधारीचा व्यवहार आज मेलवरच लिहिला जातो. ऑर्डर, दरातील बदल, माल नाकारल्याची सूचना, सारे तेथेच येते.

कायद्यातही याला महत्त्व आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. (ही सवलत माल बनविणारे व सेवा देणारे यांना आहे, माझ्यासारख्या निव्वळ व्यापाऱ्याला नाही.) हरकत केव्हा आली, आली की नाही, हे दाखविणार कशावरून? मेलवरूनच. जीएसटीची हिशेबपत्रे तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मेलची छापील प्रत कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागते. मूळ मेलच नसेल तर प्रमाणपत्र कशाचे देणार?

निवड कशी करावी?

आउटलुक एक्सप्रेस व विंडोज लाइव्ह मेल यांचे दिवस संपले आहेत. विंडोज १० सोबत येणारा साधा 'मेल' प्रोग्रॅमही ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. आता पुढील पर्याय उरतात.

नवे आउटलुक : विंडोज ११ सोबत फुकट येते. मात्र जीमेल किंवा इतर खाते जोडल्यास त्याची मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही साठविली जाते, आणि फुकटच्या खात्यात जाहिराती दिसतात.

जुने आउटलुक : ऑफिससोबत विकत मिळते. ज्यांच्या जुन्या मेल पीएसटी फाइलमध्ये आहेत, त्यांना सर्वांत कमी त्रास याचा होतो.

थंडरबर्ड : २००४ पासून चालत आलेला मोफत प्रोग्रॅम. धंद्यासाठी वापरण्यासही परवाना लागत नाही. मेल आपल्याच संगणकावरील एका फोल्डरात ठेवतो आणि तो फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येतो.

ईएम क्लायंट : दिसावयास सुबक. पण फुकटचा परवाना केवळ घरगुती वापरासाठी आहे. दुकानात वापरावयाचा तर विकतच घ्यावा, तेच हलाल व्यवहाराला शोभते.

मी स्वतः थंडरबर्ड घेतला. ज्यांच्याकडे ऑफिसचा रीतसर परवाना आहे त्यांनी जुने आउटलुकच ठेवण्यास हरकत नाही. चोरीची ऑफिस प्रत कोणी पाचशे रुपयांत टाकून देत असेल तर नकार द्यावा. ती दुसऱ्याच्या हक्काची चोरी तर आहेच, शिवाय तीतून व्हायरस येण्याचा धोका असतो.

संगणक देण्यापूर्वी

१. खाते पॉप पद्धतीचे आहे की आयमॅप, हे सेटिंगमध्ये पाहावे. पॉपमध्ये मेल आपल्या संगणकावर उतरते आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसल्यास दुसरीकडे कोठेच उरत नाही. आयमॅपमध्ये ती सर्व्हरवर राहते, पण एका ठिकाणी पुसली की सगळीकडे पुसली जाते.

२. जुन्या संगणकावर पीएसटी नावाच्या फायली शोधाव्यात. थंडरबर्ड असल्यास प्रोग्रॅम बंद करून त्याचा संपूर्ण प्रोफाइल फोल्डर घ्यावा. बाहेरच्या डिस्कवर दोन प्रती कराव्यात.

३. एक प्रत दुकानात आणि एक घरी ठेवावी. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीत गोदामे व शेड पाडल्या. जागाच गेली तर एकाच जागी ठेवलेले कागद काय कामाचे?

४. जीमेल आता जुन्या प्रोग्रॅममध्ये नुसता नेहमीचा पासवर्ड स्वीकारत नाही. खिडकी उघडून लॉगिन मागते व मोबाइलवर खातरजमा करते. म्हणून खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे आधी पाहावे. जीमेलची मोफत जागा १५ जीबी असते आणि तीत फोटोही मोजले जातात, हेही विसरू नये.

५. नव्या संगणकावर मेल आल्यावर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या ऑर्डरचा नंबर टाकून शोधून पाहावा. ऑर्डर सापडली, तिला जोडलेली फाइल उघडली, तरच जुना संगणक पुसण्यास सांगावे.

एवढ्यास एक दुपार लागते. शुक्रवारच्या नमाजनंतर दुकान थोडे उशिरा उघडून हे काम स्वतः बसून करून घ्यावे. इन्शाअल्लाह, माझे २४,००० गेले तसे तुमचे जाणार नाहीत.