भूमध्य समुद्रात युरोपच्या युद्धनौका नेमकं काय करतात?

‘युरोपच्या युद्धनौकांनी लिबियाला वेढा घातला’ असे मेसेज अधूनमधून ग्रुपवर फिरतात. पुढे ढकलण्याआधी आपण मूळ प्रकरण समजून घेऊ.

२०११ मध्ये गद्दाफींविरुद्ध उठाव झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी लिबियाला शस्त्रं पुरवण्यावर बंदी घातली. समुद्रमार्गे ही बंदी मोडली जाऊ नये म्हणून युरोपीय संघाने ३१ मार्च २०२० रोजी ‘इरिनी’ मोहीम सुरू केली. ग्रीक भाषेत इरिनी म्हणजे शांतता, आपल्याकडचा अमन. मुख्यालय रोममध्ये आहे. युरोपीय संघाचं स्वतःचं नौदल नाही; सदस्य देश आपापली जहाजं आणि विमानं देतात.

म्हणजे हा वेढा नव्हे, तपासणी आहे. तीही सोपी नाही. खुल्या समुद्रात जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं, त्या देशाची संमती आधी मागावी लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘हॅम्बुर्ग’ या जर्मन युद्धनौकेचे सैनिक लिबियाकडे निघालेल्या ‘रोझलिन ए’ या तुर्की जहाजावर उतरले. तुर्कस्तानला विचारलं होतं, ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, म्हणून मौनालाच होकार मानलं. झडती सुरू असताना तुर्कस्तानचा नकार आला आणि सैनिकांना परतावं लागलं. तोवर शस्त्रं काही सापडली नव्हती.

तुर्कस्तानची तक्रार होती की ही मोहीम एकतर्फी आहे. त्यात तथ्य होतं. त्रिपोलीच्या सरकारला तुर्कस्तानची मदत समुद्रातून यायची. हफ्तार यांच्या फौजेला संयुक्त अरब अमिरातीची मदत विमानाने. जहाज अडवता येतं, उडतं विमान कोण अडवणार? मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीच ही बंदी पूर्णपणे निष्प्रभ ठरल्याचं लिहिलं. पण दोन्हीकडे शस्त्रं पाठवणाऱ्यांत मुस्लिम देश होते, ही गोष्ट त्या मेसेजमध्ये कधी नसते.

आम्हाला जास्त खटकतं ते वेगळंच. इरिनीच्या आधी याच समुद्रात ‘सोफिया’ मोहीम होती. २४ ऑगस्ट २०१५ रोजी एका जर्मन युद्धनौकेवर, समुद्रातून वाचवलेल्या सोमाली आईच्या पोटी मुलगी जन्मली. तिचं नाव सोफिया, तेच मोहिमेला दिलं गेलं. काम माणसांची तस्करी रोखण्याचं होतं, तरी त्या जहाजांनी सुमारे ४५ हजार लोकांना बुडण्यापासून वाचवलं. मग या लोकांना उतरवायचं कुठे, यावर भांडण पेटलं. सगळा भार आमच्यावरच का, असं इटली म्हणू लागली. मार्च २०१९ च्या अखेरीस जहाजंच काढून घेतली.

इरिनीची जहाजं पूर्वेकडे, निर्वासितांच्या होड्यांच्या मुख्य वाटेपासून दूर ठेवली गेली. आणि अट अशी, की या जहाजांमुळे जास्त लोक समुद्रात उतरतात का, हे दर चार महिन्यांनी तपासायचं. तसं दिसलं तर जहाजं तिथून हलवायची. बुडत्या माणसाला वाचवणं समुद्री कायद्याने प्रत्येक जहाजावर बंधनकारक आहे. पण जहाज तिथे असेल तर ना!

इरिनीला आणखी एक काम दिलं आहे: लिबियाच्या तटरक्षकांना प्रशिक्षण देणं. हे तटरक्षक पकडलेल्या होड्यांमधल्या माणसांना परत लिबियात नेतात. तिथल्या कोठड्यांमधली मारहाण आणि खंडणी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत नोंदलेली आहे.