ड्राइव्ह: चेंडूपर्यंत जाणे आणि चेंडूसाठी थांबणे

पुढे टप्पा पडलेल्या चेंडूपर्यंत पाऊल नेऊन, उभ्या बॅटने तो गोलंदाजाच्या दिशेला किंवा त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला जमिनीलगत धाडणे, या फटक्याला क्रिकेटमध्ये ड्राइव्ह म्हणतात. दिशेप्रमाणे त्याला स्ट्रेट, कव्हर किंवा ऑन ड्राइव्ह अशी नावे पडली असली, तरी या सर्वांचा पाया एकच आहे. हा फटका मनगटाच्या किंवा दंडाच्या ताकदीवर उभा असतो असा समज नवशिक्या फलंदाजांत फार पसरलेला आहे आणि त्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ या समजातच सापडते.

ताशी 140 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो आणि त्याला भिडणारी बॅट जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर रुंद असते. त्यामुळे चेंडूची रेषा अचूक ओळखणे हेच पहिले काम ठरते आणि ते डोळ्यांचे, म्हणजेच पर्यायाने डोक्याचे काम आहे. डोके स्थिर आणि दोन्ही डोळे समपातळीत ठेवून फलंदाज चेंडूच्या रेषेकडे झुकला, की पुढचा खांदा आणि पुढचा पाय त्याच्यामागून आपोआप जातात. याउलट आधी पाय टाकून मग डोके तिथवर नेण्याचा प्रयत्न केला, तर शरीराचा तोल ऑफ बाजूला ढळतो, बॅट पायाला वळसा घालून आडवी येते आणि सरळ आत येणाऱ्या चेंडूवर फलंदाज पायचीत होतो. पुढचा गुडघा वाकलेला असणेही तितकेच आवश्यक आहे, कारण ताठ पायावर शरीराचे वजन पुढे सरकत नाही आणि मग ती उणीव हातांनी भरून काढावी लागते.

हातांपैकी सूत्रधार मुठीवरचा वरचा हात असतो. त्याचे कोपर उंच राहिले म्हणजे बॅट सरळ रेषेत खाली येते आणि तिचा पूर्ण चेहरा चेंडूला भेटतो. खालच्या हाताची पकड सैल हवी, कारण तो जोर करू लागला की बॅटचा चेहरा लेगकडे वळतो आणि चेंडू कडेला लागून उडतो. चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत थांबणे ही यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणावी लागेल. शरीरापासून फार पुढे चेंडू गाठला, तर तोवर बॅटचे तोंड वर वळलेले असते आणि फटका हवेत जातो. बाहेर जाणाऱ्या चेंडूकडे नुसते हात लांबवले, तर झेल यष्टिरक्षकाकडे किंवा स्लिपमध्ये.

ही चूक किती महाग पडते याचे ठळक उदाहरण म्हणजे विराट कोहलीचा 2014 चा इंग्लंड दौरा, ज्यात पाच कसोटींच्या दहा डावांत त्याला अवघ्या 134 धावा करता आल्या आणि जेम्स अँडरसनने त्याला चार वेळा बाद केले. आत येणाऱ्या चेंडूची धास्ती घेतल्यामुळे कंबर प्रमाणाबाहेर उघडत होती आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूशी शरीराची रेषा जुळत नव्हती, असे निदान त्याने पुढे स्वतःच मांडले. त्याने उभे राहण्याची पद्धत बदलली, आणि वेगवान गोलंदाजांनाही पुढे मोठे पाऊल टाकून खेळण्याचा सल्ला सचिन तेंडुलकरने त्याला दिला. 2018 मध्ये त्याच भूमीवर त्याने 593 धावा केल्या आणि त्या मालिकेत अँडरसनला त्याची विकेट एकदाही मिळाली नाही. उपाय हातांत नव्हता, तो कमरेत आणि पावलात होता, ही बाब प्रत्येक शिकाऊ खेळाडूने ध्यानात घेण्याजोगी आहे.

ड्राइव्हच्या विचारात न मारलेला ड्राइव्हही येतो. जानेवारी 2004 मध्ये सिडनीच्या कसोटीत तेंडुलकरने आपला आवडता कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बाजूला ठेवला आणि 436 चेंडूंत नाबाद 241 धावा उभारल्या. त्यांतल्या बहुतेक लेग बाजूला होत्या.

मुंबईत 1948 पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगने थांबून खेळण्याची हीच सवय अनेक पिढ्यांना लावली, कारण ओल्या खेळपट्टीवर चेंडू टप्प्यावर अडकून येतो आणि घाईने ड्राइव्ह करणाऱ्याचा झेल थेट समोर उडतो. ज्याला अशी खेळपट्टी लाभत नाही त्याने आरंभ साध्या सरावाने करावा: सहकाऱ्याने बाजूला उभे राहून हातातून सोडलेला चेंडू एका उसळीनंतर डोळ्यांखाली येऊ देऊन मारणे, मग केवळ वरच्या हाताने हलकी बॅट धरून तेच करणे आणि फटक्यानंतर क्षणभर त्याच स्थितीत थांबून तोल टिकला का हे पाहणे. पुढच्या टप्प्यात सहकाऱ्याने कमरेखालून चेंडू फेकताना मधूनच एखादा ऑफ स्टम्पबाहेर लांब टाकावा आणि तो सोडून दिला, तर त्याचीही गणना चांगल्या फटक्यांत करावी.