शेजार शिकवायचा कोणी?

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातील मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर जात आणि प्रत्येक घरची झाकलेली खिरापत ओळखून दाखवीत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढीत निघालेली मुले दारोदार बोजारा गोळा करीत. गल्लीत कोण राहतो, कोणाच्या घरी काय शिजते, कोण हात आखडता घेतो, हे ज्ञान त्यांना पाठ्यपुस्तकावाचून मिळे. परंतु या शिक्षणाची गल्ली अरुंद होती, हेही नमूद केले पाहिजे. मुले ज्या दारांशी थांबत ती बहुधा आपापल्या आळीतली, आपापल्या जातीतली असत. गावकुसाबाहेरचा शेजारी त्या फेरीत येत नसे. तेव्हा जुना शेजार गेला म्हणून नुसते हळहळण्यात अर्थ नाही.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंनी पुढे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. दलित वस्तीतील मुले केंद्रात येत नाहीत असे दिसताच त्यांनी व अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच त्या मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी'ची कल्पना अशी रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात धारावीबरोबर अमरावती जिल्ह्यातील धारणीची निवड झाली. मेळघाटातील कोरकू बालकांच्या अंगणापर्यंत शासन पोहोचले, ही गोष्ट लहान नव्हे.

पण पुढे काय झाले? अमरावती-अकोल्यात ज्याला थोडेबहुत परवडते, त्याचे मूल तिसऱ्या वर्षीच व्हॅनमध्ये बसून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉन्व्हेंटात जाते. अंगणवाडीत उरतात ती मोलकरणीची, हमालाची, रिक्षावाल्याची मुले. एकाच गल्लीत राहणारी दोन मुले एका सतरंजीवर कधी बसतच नाहीत. मग त्यांना 'परिसर अभ्यासा'त 'आपले मदतनीस' म्हणून पोस्टमन, डॉक्टर आणि सफाई कामगार यांची चित्रे दाखवायची! २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घालून शाळेचे आवार झाडायचे. पण ते आवार वर्षभर कोण झाडते, त्या माणसाचे नाव काय, त्याची मुले कोठे शिकतात, हे वर्गातील किती मुलांना सांगता येईल?

कोठारी आयोगाने १९६६ मध्येच शेजारशाळेचा आग्रह धरला होता. एका वस्तीतील सर्व थरांची मुले एकाच शाळेत यावीत, हा त्याचा गाभा. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना राखून त्या दिशेने एक पाऊल टाकले. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला यातून सूट देऊ केली. जे अंतर मुलांना एकत्र आणण्यासाठी मोजायचे, तेच त्यांना वेगळे ठेवण्यासाठी मोजले गेले. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला हे बरे झाले. परंतु तो करावासा वाटला, यातून आपल्या समाजाची इच्छाही कळते.

या इच्छेची किंमत आपण मोजलेली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल उसळली, संचारबंदी लागली, अकोल्यात एकाचा प्राणही गेला. अशा दिवसांत घरात कोंडलेले मूल मोठ्यांच्या तोंडून 'ते लोक' हा शब्द ऐकते. 'त्या लोकां'पैकी एखादा सलीम किंवा एखादा सागर त्याच्या बाकावर बसत असेल, तर तो शब्द त्याच्या मनात सहजासहजी रुजणार नाही. बसत नसेल, तर त्या शब्दाला विरोध करणारे त्याच्याजवळ काहीच नसते. शाळा दंगली थांबवू शकणार नाही. पण दुसऱ्या मोहल्ल्याची भीती मुलाच्या मनात बसण्यापूर्वी ओळख बसवणे तिच्या हाती आहे.

त्यासाठी नवा विषय किंवा नवे अनुदान नको. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याचे नागरिक मोर्णा नदी स्वच्छ करण्यास उतरले, तेव्हा दोन्ही काठांची माणसे एका पात्रात उभी होती. शिक्षकांनी तिसरी-चौथीच्या मुलांना महिन्यातून एकदा पुलापलीकडे न्यावे. पिंजाऱ्याला, कुंभाराला, जिनातील हमालाला वर्गात बोलवावे आणि मुलांनी त्यांना 'काका' म्हणून प्रश्न विचारावेत. कोरकू मुलाकडून वर्गाने चार कोरकू शब्द शिकावेत. भुलाबाईची खिरापत यंदा पलीकडच्या मोहल्ल्यातील शाळेतही ओळखली जावी. पालक कुरकुरतील, त्यांची समजूत घालणे हाही शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे. आणि जे पालक कारकून, प्राध्यापक वा शिक्षक आहेत, त्यांनी आपले मूल घराजवळच्या शाळेत घालण्याचा निदान विचार तरी करावा. शेजाऱ्यावर प्रेम करा, असे मुलांना सांगण्यापूर्वी त्यांना शेजारी मिळवून देणे, हे आपले पहिले कर्तव्य आहे.