व्रत की वतन?

आंबागडच्या किल्ल्याखालच्या आमच्या भागात बिडी वळणाऱ्या बाईला विचारा, तू काय काम करतेस? ती म्हणेल, "काम काही नाही जी, बिड्या वळते." माझी माय असेच म्हणायची. सुपात पाने, कात्री, पत्र्याचा माप, तंबाखू आणि सूत घेऊन ती पहाटेपासून बसे. हजार बिड्यांच्या हिशोबाने पैसे मिळत, आणि छाट निघालेल्या बिड्यांचे पैसे बुडत. तरी ती अभिमानाने सांगे की माझ्या हाताची छाट निघत नाही. मायला आपल्या कसबाचा अभिमान होता, पण त्या कामाला ती कधी जीवनकार्य म्हणाली नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये म्हणून हे आधी सांगितले.

आता दुसरे चित्र. शिक्षकदिनाच्या एका समारंभात पाहुणे म्हणाले, शिक्षण हा धंदा नाही, व्रत आहे. समोर बसलेल्यांत तासिका तत्त्वावर शिकवणारे चार तरुण होते. त्यांचे कित्येक महिन्यांचे पैसे थकलेले होते. टाळ्या सर्वांत आधी त्यांनीच वाजवल्या. त्या टाळ्यांचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

काम हे ईश्वरी बोलावणे आहे, ही कल्पना युरोपात सोळाव्या शतकात रुजली. तोवर असे बोलावणे फक्त मठातल्या साधूंना येते असे मानत. मार्टिन ल्यूथरने बायबलच्या जर्मन भाषांतरात त्या अर्थाचा शब्द साध्या उद्योगधंद्यालाही लावला. चांभाराचे आणि शेतकऱ्याचे कामही देवाच्या दारी मोलाचे ठरले. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये या शब्दाचा माग काढला, तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्याला देवाने जेथे ठेवले तेथेच त्याने राहावे, असेही ल्यूथर सांगत होता. म्हणजे माणसाला वर उचलणारा हा शब्द त्याला जागच्या जागी बांधूनही ठेवत होता.

आपल्याकडे बोलावणे यायची गरजच नव्हती. जन्म झाला की काम ठरले. त्याला स्वधर्म म्हटले, मुंबई इलाख्यात वतन म्हटले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. रात्री-अपरात्री सरकारी हुकमाला धावायचे आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते घ्यायचे, असा हा 'मान' होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी मुद्दा नेमका पकडला. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच उतरंड आहे. ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, त्यात कौशल्य येईल कुठून? अशा कामातून पळून जाण्याचीच इच्छा माणसाला होते.

त्याच १९३६ साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंग्यावर लेख लिहिला. सफाई करणाऱ्याच्या कामाची तुलना त्यांनी आईच्या कामाशी केली. हेतूबद्दल मी वाद घालत नाही. पण आईपण आणि मैला यांत एक फरक राहतोच. मैला उचलणाऱ्याने नाही म्हटले तर गाव काय करील, हे सर्वांना ठाऊक होते.

येथे विदर्भातलेच उदाहरण समोर येते. परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले आणि हाती खराटा घेतला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांची मने झाडायची. झाडणे तेच होते. पण त्यांना ते कोणी सांगितले नव्हते, आणि नको म्हणून थांबवताही आले नसते. एकाच कामाला एके ठिकाणी व्रत आणि दुसऱ्या ठिकाणी वेठ म्हणावे लागते ते यामुळे.

एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या अमेरिकन अभ्यासकांनी २००१ मध्ये इस्पितळातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिले. त्यांतले काहीजण स्वतःला रुग्ण बरे करणाऱ्यांपैकी समजत, रुग्णांशी बोलत, नेमून न दिलेलीही कामे करत. हा अभ्यास आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या वर्गात मोठ्या कौतुकाने सांगतात. कामगाराने कामाला आपला आकार दिला की ते आपले वाटू लागते, हे त्यातले खरे तत्त्व मला पटते. पण आपल्याकडे मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी घालायला १९९३ चा कायदा पुरला नाही, २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. तरीही माणसे गटारात गुदमरून मरतात. त्यांना कामाचा अर्थ शोधायला सांगण्याआधी यंत्र द्यावे.

व्रताची भाषा आज कोठे वापरली जाते ते पाहावे. कारखान्याच्या मालकाला कोणी व्रतस्थ म्हणत नाही. १९७५ पासून अंगणवाडी आली. तिथल्या बाईला वेतन नाही, मानधन. महाराष्ट्रात २००० मध्ये नवा शिक्षक 'शिक्षणसेवक' झाला, त्यालाही मानधन. २००५ नंतर गावोगाव 'आशा' आल्या. त्या तर स्वयंसेविका, कामागणिक मोबदला घेणाऱ्या. पगार कमी असला की शब्दात मान घालायचा, ही युक्ती वतनापासून चालत आली आहे.

म्हणून कामावर जीव लावणे खोटे आहे का? तसे म्हणता येत नाही. पहिल्या पिढीतले आमचे कितीतरी शिक्षक वस्तीतल्या पोरांना रात्री कंदिलाशी बसवून शिकवत. त्याचे पैसे कोणी देत नव्हते. पण ते काम त्यांच्या बापजाद्यांना नाकारलेले होते, त्यांनी ते मिळवलेले होते, आणि शिकलेले पोर पुढे जाताना त्यांना डोळ्यांनी दिसत होते. कामगार संघटनेचेही तसेच. कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी मजुरांना संघटित केले, ते मजुरीचा भाव वाढावा म्हणून. त्यात त्यांनी आयुष्य घातले आणि १९३९ मध्ये तरुणपणीच ते गेले. मजुरीसाठी भांडणे हेच जिथे जीवनकार्य झाले, तिथे व्रत आणि मोबदला यांचे वैर आहे असे कोण म्हणेल?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. आमच्याकडची एक आशा त्या दिवसांत रात्री बाळंतिणीला घेऊन तुमसरच्या दवाखान्यात गेली आणि सकाळी पुन्हा मोर्चात उभी राहिली. मी म्हटले, "ताई, संप मोडलास की." ती म्हणाली, "सर, संप सरकारशी आहे. ती पोरगी माझ्या गल्लीतली." मग तिने पिशवीतून कागद काढले आणि मागच्या दोन महिन्यांच्या मोबदल्याचा अर्ज नीट लिहून द्या म्हणाली.