येळवशीच्या आधीची पळापळ आणि एक रिसर्च क्वेश्चन

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, आधीच्या रविवारी आम्ही सोळा जण जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकड्यांत पळायला गेलो होतो. स्पर्धा वगैरे काही नाही. एक जण पुढे जाऊन पिठाचे ठिपके टाकत वाट आखतो, मधेच एखादी खोटी वाट काढतो, बाकीचे शोधत पळतात. १९३८ मध्ये क्वालालंपूरला सुरू झालेल्या हॅश हाउस हॅरिअर्सची ही पद्धत. जोरात पळणारे खोट्या वाटेला लागतात, तेवढ्यात मागचे त्यांना गाठतात आणि शेवटी सगळे बरोबरच डब्यापाशी. डब्यात भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. सणाची रंगीत तालीमच म्हणा ना!

खाताना एक ज्युनिअर म्हणाली, "दादा, सोबत पळालं की दमायलाच होत नाही. ह्यावर पेपर होईल का?"

होईल की. पण मोजणार काय, ते आधी ठरवा. वेळ मोजून उपयोग नाही, कारण खोट्या वाटांमुळे प्रत्येकाचं अंतर वेगळं. मग दमणूक मोजा. त्यासाठी बोर्ग स्केल आहे: किती दम लागला ते पळणाऱ्यानेच ६ ते २० मधला आकडा देऊन सांगायचं. आकडे असे विचित्र का? दहाने गुणलं की साधारण हृदयाचे ठोके यावेत म्हणून.

खरी गोची पुढे आहे. रविवारी पहाटे उठून आलेल्यांची तुलना तुम्ही न आलेल्यांशी केलीत, तर सोबतीचा परिणाम नाही, हौस मोजली जाते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हीच चूक होती. शेतकरी गटातल्यांचं उत्पन्न बाहेरच्यांपेक्षा जास्त, म्हणजे गटाचा फायदा झाला, असं मी ठोकून दिलं होतं. मॅडमनी एकच विचारलं, "गटामुळे उत्पन्न वाढलं, की बरं उत्पन्न असलेलेच गटात आले?" सहा महिन्यांचं काम गेलं.

म्हणून तोच माणूस, तीच वाट. एकदा एकटा, एकदा सोबत. निम्म्यांनी आधी एकट्याने पळायचं, निम्म्यांनी आधी सोबत. नाहीतर दुसऱ्या खेपेला वाट पायाखालची झालेली असते आणि श्रेय फुकट सोबतीला जातं. कोण कुठल्या निम्म्यात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. खोट्या वाटा बंद. भज्जी नंतर.

१८९८ साली नॉर्मन ट्रिपलेटने असंच केलं होतं. मुलांना रीळ फिरवायला लावलं, कधी एकट्याने, कधी जोडीने, आलटून पालटून. पुढे शंभरेक वर्षांनी त्याचे आकडे पुन्हा तपासले, तर फरक किरकोळ निघाला. मुलं होती चाळीस.

ज्युनिअरने आमच्याकडे बघत बोटांवर मोजलं. "आपण तर सोळाच आहोत, दादा."