अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या मुलांची दुखणी

बारावीनंतर आपल्या भागातील मुले पूर्वी डी.एड., आय.टी.आय. किंवा फार तर इंजिनिअरिंगला जात. आता त्यांतली काही अ‍ॅनिमेशन व व्हिज्युअल इफेक्ट्स शिकायला नागपूर, पुणे, मुंबई गाठतात. सुट्टीत घरी आली की त्यांतली काही माझ्या दवाखान्यात येतात. तक्रारी ठरलेल्या असतात. डोळे चुरचुरतात, बोटांना मुंग्या येतात, मान धरते, रात्री झोप लागत नाही. सोबतचे वडील बहुधा म्हणतात, "डॉक्टरसाहेब, हा दिवसभर खुर्चीत बसून चित्रे काढतो. याला कसले आले कष्ट?" आजचा लेख या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे.

काम नेमके कसे असते?

चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे आपल्या डोळ्यांपुढून सरकतात. एका चित्राला फ्रेम म्हणतात. तेंदूपत्त्याच्या एका पुड्यात ७० पाने असतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. तीन सेकंदांच्या दृश्यात तशा ७२ फ्रेम असतात. या शिक्षणात रोटोस्कोपी नावाचे एक काम असते. नटाला मूळ दृश्यातून वेगळा काढून दुसऱ्या देखाव्यात बसवायचे, तर त्याच्या अंगाची कड बारकाईने आखावी लागते. तो हलला की कडही सरकवावी लागते. संगणक मदत करतो, पण केस, बोटे, साडीचा पदर शेवटी माणसालाच डोळ्यांत तेल घालून नीट करावा लागतो.

रोवणीला वाकलेल्या बाईची कंबर दुखते, हे आपण मान्य करतो. रोवणी काही आठवड्यांत आटोपते, मध्ये बांधावर बसता येते. विद्यार्थ्याचे काम वर्षभर चालते आणि त्यात शरीर हलतच नाही. स्नायू तासन्तास एकाच स्थितीत ताठ राहिला की त्याला रक्तपुरवठा कमी पडतो आणि तो दुखू लागतो. म्हणून बसून केलेले कामही कष्टाचेच असते.

डोळे

आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. पापणी लवते तेव्हा डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. तो सुकला की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते आणि नजर मधूनच अंधूक होते. रंग अचूक दिसावेत म्हणून ही कामे पुष्कळदा मंद उजेडाच्या खोलीत चालतात. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा मुले कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन बसतात. त्याने डोळे आणखी सुकतात. झोत बाजूला वळवावा.

हा त्रास नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या सुमारास चित्रपटाचा ध्यास घेतला. रोज तासन्तास चित्रपट पाहणे आणि अपुरी झोप यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनी व चष्म्यांनी ती परत आली. त्यानंतर १९१२ मध्ये फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ फ्रेमफ्रेमने टिपली आणि १९१५ मध्ये आगकाड्या हलत्या दाखवणारा चित्रपट काढला. संगणकाने कायमचे आंधळेपण येते असे मात्र समजू नये. डोळे थकतात, सुकतात आणि विश्रांतीने सावरतात.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो, असे २०२३ मधील कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात दिसले नाही. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब घेऊ नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. ते दीर्घकाळ वापरले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

हात आणि मनगट

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण या मुलांची पोटापाण्याची सोय त्यांच्या हातात आहे. मनगटात तळव्याच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटांच्या शिरा आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकवून माऊस किंवा पेन सतत चालवले की आतील आवरणाला सूज येते आणि मज्जातंतू दबतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. करंगळी सुटते. रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि झटकल्यावर बरे वाटते. याला कार्पल टनेल म्हणतात. मधुमेह व थायरॉइडच्या विकारातही हे होते, म्हणून रक्त तपासावे लागते.

दुसरा त्रास अंगठ्याच्या मुळाशी होतो. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवा. कळ आली तर अंगठ्याच्या शिरांच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता आहे.

सुरुवातीला उपाय साधे असतात. मनगट सरळ ठेवावे, कोपराखाली आधार घ्यावा, पेन हलक्या हाताने धरावे, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधावा. ताकदीचे इंजेक्शन मागायला पुष्कळ जण येतात, पण दबलेला मज्जातंतू त्याने सुटत नाही. वेदनाशामक गोळ्या खाऊन काम रेटण्यातही धोका आहे. कळ थांबते, दाब तसाच राहतो. दुर्लक्ष केले तर अंगठ्याच्या मुळाचा स्नायू झिजतो, वस्तू हातातून पडू लागतात आणि त्या अवस्थेत पूर्ण ताकद परत येईलच असे सांगता येत नाही.

मान आणि पाठ

आपले डोके चार-पाच किलोचे असते. मान पुढे झुकली की मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. गादीवर पालथे पडून लॅपटॉप चालवणे सर्वांत वाईट. तो पुस्तकांच्या चवडीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कळफलक वेगळा घ्यावा. दर तासाला उठून चार पावले चालावे. पाण्याचा लहान तांब्या जवळ ठेवला की तो भरायला आपोआप उठणे होते.

झोप आणि मन

काम सादर करण्याची तारीख जवळ आली की ही मुले रात्र रात्र जागतात. चित्र तयार करायला संगणक तासन्तास घेतो, तोवर कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेत बसतात. कॉफीतील द्रव्याचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. या वयात सात ते नऊ तास झोप हवी. संगणकाचे लांबलचक काम रात्री लावून द्यावे आणि आपण झोपावे.

याहून अवघड दुखणे मनाचे असते. केलेले काम शिक्षक वीस वेळा परत करतात. घरी शैक्षणिक कर्ज असते. नोकरीची खात्री नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जगातली मोठी कंपनी कोसळली, तेव्हा भारतातील तिचे कामगारही एकाएकी बेकार झाले. अशा बातम्या ही मुले वाचतात आणि घरी काही बोलत नाहीत. "तुम्ही शेत गहाण टाकले आणि मी हात दुखतो म्हणू?" असे एका मुलीने मला विचारले होते. भूक मंदावणे, मित्र टाळणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ही लक्षणे दिसली, तर थांबू नये. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचा सल्ला मिळतो.

डॉक्टरकडे कधी जावे?

मुंग्या किंवा बधिरपणा दोन आठवडे टिकला, हाताची पकड कमी झाली, मानेतून हातात कळ उतरली, डोळा लाल होऊन दुखला किंवा नजर अचानक कमी झाली, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. नजर अचानक गेली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

पालकांना एक विनंती आहे. मूल फोनवर "हात दुखतो" म्हणाले, तर "मोबाइल कमी बघ" असे उत्तर देऊ नका. कोणते बोट दुखते, रात्री जाग येते का, किती तास झोपतो, एवढे तीन प्रश्न विचारा. फीचे पैसे आपण काळजीने भरतो. त्याच काळजीने मनगटाचा पट्टा आणि पाठीला टेकू देणारी खुर्ची यांसाठीही थोडे पैसे बाजूला ठेवावेत. आणि मुलांनी दुखणे पहिल्या महिन्यातच सांगावे. त्या वेळी ते बरे करणे सोपे असते.