जन्मठेप चौदा वर्षांची नसते

‘खून केला तरी चौदा वर्षांनी सुटणारच’ हे वाक्य ज्यांचं माणूस गेलं ते संतापाने बोलतात, आणि तुरुंगात मुलाखतीला आलेली कैद्याची आई तेच वाक्य आशेने धरून बसते. दोघांचीही फसगत होते. चौदा वर्षांची जन्मठेप आपल्या कायद्यात कुठेच नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद.

सर्वोच्च न्यायालयाने हे 1961 मध्येच स्पष्ट केलं. गांधीहत्येच्या कटात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे यांचा दावा होता की, माफीचे दिवस धरून आपली वीस वर्षं भरली आहेत, तेव्हा सोडा. न्यायालयाने तो फेटाळला. सरकारने उरलेली शिक्षा माफ केल्याशिवाय सुटकेचा हक्क मिळत नाही. गोडसे सुटले ते 1964 मध्ये.

वीस वर्षांचा आकडा दंड संहितेत होता आणि भारतीय न्याय संहितेतही आहे, पण तो फक्त हिशेबासाठी. एखाद्या गुन्ह्याला जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा द्यायची असेल, तर निम्मं कशाचं करायचं? तेवढ्यापुरती जन्मठेप वीस वर्षांची धरतात. दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात ही तर निव्वळ अफवा.

चौदाचा आकडा आला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 1978 च्या दुरुस्तीने, आणि तो कैद्याला सोडण्यासाठी नव्हे, अडवण्यासाठी. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झालेल्याला सरकारने चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडू नये, असं त्या दुरुस्तीतलं कलम सांगतं. फाशीची जन्मठेप झालेल्यांनाही ते लागू आहे. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 475 मध्ये आहे.

‘प्रत्यक्ष’ या अटीवर अनेक घरांचे हिशेब कोसळतात. तुरुंगातल्या कामाबद्दल आणि वर्तणुकीबद्दल मिळालेली माफी या चौदांत धरत नाहीत. कच्चा कैदी म्हणून काढलेला काळ धरतात. पॅरोलवर घरी काढलेले दिवस वजा होतात. गोव्यातल्या कैद्यांनी ते धरावेत म्हणून दाद मागितली होती, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये नकार दिला. आईच्या आजारपणासाठी पॅरोल घेणाऱ्याला हे आधीच कुणीतरी सांगायला हवं.

चौदा वर्षं भरली की सुटकेचा फक्त विचार सुरू होतो. गुन्ह्याचा समाजावर काय परिणाम झाला, माणूस पुन्हा गुन्हा करेल का, त्याला आत ठेवण्यात काही अर्थ उरला आहे का, घरची स्थिती काय, हे पाहिलं जातं. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत घेतात. ज्या राज्यात शिक्षा झाली त्याच राज्याचं सरकार निर्णय घेऊ शकतं. सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातेत घडला, खटला मुंबईत चालला. गुजरात सरकारने 2022 मध्ये अकरा दोषींना सोडलं. तो अधिकार महाराष्ट्राचा होता, म्हणून जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात धाडलं. कार्यपद्धतीचा हा मुद्दा मला क्षुल्लक वाटत नाही. अन्याय झालेल्या बाईला तोच आधार ठरला.

सरकारचे हात बांधणारी शिक्षाही असते. फाशी टाळताना उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय ‘पंचवीस वर्षं सूट नाही’ किंवा ‘मरेपर्यंत सूट नाही’ असं ठरवू शकतं. 2015 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. राष्ट्रपती आणि राज्यपालांचा घटनेने दिलेला माफीचा अधिकार मात्र तरीही शाबूत राहतो. चौदा वर्षांची अटही त्यांना लागू नाही.

सुटकेचं धोरण कोणतं लागू होतं, हे घरच्यांनी आधी पाहावं. शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण धरतात. नंतरचं अधिक सवलतीचं असेल तर त्याचा फायदा मिळतो. आणि फेब्रुवारी 2025 पासून अर्जाची वाट पाहण्याची सबबही उरलेली नाही. राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार सरकारने आपणहून करायचा, आणि नाकारलं तर कारणं नोंदवून ती कैद्याला कळवायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे.